डोळा लाल नाही म्हणून निर्धास्त राहू नका



हुमणी लागलेला ऊस वरून हिरवागार दिसतो. पाला पिवळा पडेपर्यंत खाली मुळ्या संपलेल्या असतात. लहान मुलांच्या डोळ्यांचेही असेच एक दुखणे आहे. विषय आमच्या खात्याचा नव्हे. पण शिवारात फिरताना लंगडणारं पोर दिसलं की आम्हाला गप्प राहवत नाही.

संधिवात म्हाताऱ्यांनाच होतो, हा समज खरा नाही. सोळा वर्षांखालील मुलाचा सांधा सहा आठवड्यांहून अधिक सुजलेला राहिला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर तो बालसंधिवात. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. पोर सकाळी लंगडते, दुपारी खेळू लागते. घरची म्हणतात, "पडली असेल कुठंतरी, तेल चोळा."

हाच दाह डोळ्याच्या आत, बाहुलीभोवतीच्या पडद्यातही होतो. त्याला युव्हायटिस म्हणतात. लहान मुलांत बहुधा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. सहा-सात वर्षांच्या आत दुखणे सुरू झालेल्या, मोजकेच सांधे सुजलेल्या मुलींना धोका जास्त, रक्तात ए.एन.ए. सापडले तर आणखी जास्त. गुडघा उतरला म्हणजे डोळा सुटला, असेही नाही. उपचार न झाल्यास बाहुली चिकटून वेडीवाकडी होते, बुबुळावर पांढरा पट्टा येतो, मोतीबिंदू व काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

टाच-कंबर दुखणाऱ्या मोठ्या मुलग्यांत मात्र डोळा एकाएकी लाल होऊन ठणकतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हे दुखणे बॅटरीने पाहून कळत नाही. स्लिट लॅम्प या यंत्रावरच दिसते. जोखमीच्या मुलांची तपासणी दर तीन महिन्यांनी हवी. आपल्या मलकापुरात कृष्णा रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचे असल्याने तिथे बालरोग आणि नेत्र, दोन्ही विभाग आहेत. डोळ्याच्या डॉक्टरांना सांध्याचे दुखणे आवर्जून सांगावे.

उपचार स्टिरॉइडच्या थेंबांपासून सुरू होतो. पुढे मेथोट्रेक्सेट लागते. ते आठवड्यातून एकदाच, रोज नव्हे. तेवढ्याने न भागल्यास अॅडालिमुमॅबचे इंजेक्शन जोडतात. त्याचा गुण ब्रिटनमधील 2017 च्या अभ्यासात दिसला. स्टिरॉइडचे थेंब मनाने चालू ठेवू नयेत, त्यांनीही मोतीबिंदू-काचबिंदू होतो. मनाने बंदही करू नयेत, दाह पुन्हा उसळतो.

लागणीची तारीख आपण वहीत टिपून ठेवतो. तिच्याच खाली पोरीच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख टिपा. तोडणी चालू असली, तरी ती चुकवू नका.

— ऊस विकास अधिकारी