हात आणि तोफ यांमधलें अंतर

हातबॉम्ब ही वस्तु आतां कोणास नवी राहिलेली नाहीं. परंतु तसाच बॉम्ब बंदुकीसारख्या नळींतून दूरवर उडविणारें एक हत्यार आहे, आणि त्याचीं भावंडें आज अनेक देशांत पोलिसांच्या हातीं दिसतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्या हत्याराची रचना व तिच्यांतून उद्भवणारा विवेकाचा प्रश्न, या दोहोंचा येथें थोडक्यांत परामर्श घ्यावयाचा आहे.

सैनिकापुढील मूळ अडचण अंतराची होती. बळकट हाताचा शिपाईहि हातबॉम्ब तीसचाळीस मीटरांपलीकडे सहसा फेंकूं शकत नाहीं. उलटपक्षीं, उखळी तोफेचा मारा लांबचा. अगदीं जवळच्या शत्रूवर ती चालवितां येत नाहीं. या दोहोंमधला पट्टा मोकळाच राहत असे. पहिल्या महायुद्धांत रायफलीच्या तोंडावर ग्रेनेड बसवून उडविण्याची युक्ति रूढ झाली. पण तिचा धक्का मोठा आणि नेम बेभरंवशाचा. पुढें १९६१ सालीं अमेरिकन सैन्यांत ‘एम-७९’ नांवाचें हत्यार दाखल झालें. दिसावयास तें आखूड, जाड नळीच्या शिकारी बंदुकीसारखें. नळीचें तोंड ४० मिलिमीटरांचें व वजन पावणेतीन किलोंच्या आसपास. बंदूक मध्यें मोडून एक काडतूस भरावयाचें, दस्ता खांद्यास लावून घोडा ओढावयाचा, कीं ग्रेनेड साडेतीनशें मीटरांपर्यंत जाऊन पडे.

एवढा जड गोळा खांद्यावरून सुटतांना खांदा कसा निखळत नाहीं, अशी शंका वाचकांस येईल. त्याचें रहस्य काडतुसाच्या बुडाशीं आहे. तेथील एका लहान, मजबूत कोठडींत दारू प्रचंड दाबानें जळते. तो वायु बारीक छिद्रांवाटे शेजारच्या ऐसपैस पोकळींत शिरतो व तेथें त्याचा जोर ओसरून तो गोळ्यास बेतानें ढकलतो. बंबांतलें कढत पाणी घंगाळांत विसण घातल्यावर जसें अंगावर घेण्याजोगें होतें, तसेंच हें. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं रणगाडाविरोधी तोफेंत प्रथम वापरली होती.

या ग्रेनेडांत आणखी एक योजना होती. नळींतून तो गरगर फिरत निघे, आणि सुमारें १४ मीटरांचें अंतर कापल्याखेरीज त्याची कळ जागी होत नसे. हेतु हा कीं, उडविणाराच त्याला बळी पडूं नये. व्हिएतनामच्या घनदाट जंगलांत शत्रु कित्येकदां याहून जवळ उभा ठाके. तेव्हां त्या बंदुकीसाठीं छऱ्यांचें निराळें काडतूस काढावें लागलें. सारांश, आपलें अंतर तो बॉम्ब स्वतःच मोजीत असे.

पोलिसांच्या हातीं आलेल्या तशाच तोंडाच्या नळ्यांतून अश्रुधूर, रबर किंवा स्पंज यांचे गोळे सुटतात. त्यांस ‘सौम्य’ म्हणण्याची चाल आहे. परंतु ही सौम्यता बरीचशी अंतरावर अवलंबून असते. १९७० सालीं ब्रिटिश सैन्यानें उत्तर आयर्लंडमध्यें रबरी गोळ्या आणल्या. नेम जमिनीवर धरावा, गोळी उसळून पायांस लागावी, अशी मूळ कल्पना. पण त्या जवळून व सरळ झाडल्या गेल्या. त्या संघर्षांत रबरी व मागाहून आलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यांनीं १७ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत शाळकरी मुलेंहि होतीं. फ्रान्समध्यें २०१८-१९ च्या ‘पिवळ्या बंड्यां’च्या आंदोलनांत ४० मिलिमीटर रबरी गोळ्यांनीं कित्येकांचे डोळे गेले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० सालच्या मार्गदर्शिकेंत असे गोळे केवळ हिंसक व्यक्तीवर, तेहि ओटीपोट किंवा पाय यांवरच मारावेत, असें सांगितलें आहे.

विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, प्राण घेण्यासाठीं केलेल्या बॉम्बांत अंतर मोजणारी कळ आहे. प्राण वांचावे म्हणून केलेल्या रबरी गोळ्यांत ती नाहीं. तेथें मोजणी करावयाची ती दगडांच्या वर्षावांत, धुरांत व भीतीनें ग्रासलेल्या शिपायाच्या मनानें. म्हणून ‘सौम्य’ या शब्दावर विसंबून कोणत्याहि समाजानें स्वस्थ बसतां कामा नये. शिपायास कसून शिक्षण, अधिकाऱ्यास उत्तरदायित्व आणि प्रत्येक दुखापतीची निःपक्षपाती चौकशी, हीच त्या हत्याराची खरी कळ होय. आणि ती बसविण्याचें काम कारखान्याचें नव्हे, नागरिकांचें आहे.