शिसवीची गिटार, खाडीची हवा

दुबईची खाडी आत शिरता शिरता उथळ होत जिथे तिवरांच्या झुडपांत विरून जाते, त्या टोकाशी रास अल खोर वसलेले आहे. एका अंगास 2007 साली रामसर यादीत दाखल झालेले पाणथळ अभयारण्य असून, हिवाळ्यात तेथे अग्निपंखांचे थवे चिखलात चोच खुपसून उभे असतात, आणि वाशीच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या मुंबईकराला ते दृश्य मुळीच परके वाटू नये. दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहत आहे: गोदामे, जुन्या मोटारींचा बाजार, गॅरेजे, सुतारखाने, लाकडाच्या वखारी. ज्या हौशी माणसाने नोकरी सांभाळून, भाड्याच्या जागेत, स्वतःच्या हाताने गिटार घडवण्याचा संकल्प सोडला आहे, त्याला या दोन्ही अंगांशी संबंध ठेवावा लागतो. वखारीतून त्याला लाकूड मिळते, आणि खाडीवरून येणारी दमट हवा त्या लाकडावर वर्षभर आपला अंमल चालवीत असते.

वखारीत जे मिळते ते प्रायः इमारतीच्या व फर्निचरच्या उपयोगाचे: सागवान, ओक, बीच, फळ्या ठोकण्याचा पांढरा पाइन. मान घडवण्यास योग्य असा महोगनीच्या जातकुळीचा तुकडा शोधला तर सापडतो. परंतु गिटारचा दर्शनी पडदा ज्या स्प्रूसचा करायचा, तो थंड मुलखातला, सावकाश वाढलेला, ज्याची वलये केसासारखी बारीक व समांतर आहेत आणि जो खोडाच्या केंद्रापासून परिघाकडे चिरलेला आहे असाच पाहिजे, आणि तो बहुधा परदेशातून मागवावा लागतो. मागील अंग आणि कडा यांच्यासाठी मात्र जगातले उत्तमोत्तम कारागीर ज्या लाकडाचे नाव आदराने घेतात, ते मराठी माणसाने आपल्या आजोळच्या माजघरात पाहिलेले असते. सह्याद्रीपासून मलबारपर्यंतच्या डोंगरांत वाढणारे शिसव हे ते लाकूड होय. वाड्यातला पलंग, देवघराची चौकट, कपाटाची जड दारे ज्याची करीत, तेच शिसव पश्चिमेच्या गिटारवाल्यांच्या हाती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर गेले, आणि त्याचे कारण मोठे लक्षणीय आहे. तोवर त्यांची सारी भिस्त ब्राझीलच्या शिसवीवर होती. ब्राझीलने कच्च्या ओंडक्यांच्या निर्यातीला आळा घातला, तेव्हा अमेरिकेतील मार्टिन या नामांकित कारखान्याने 1969 साली भारतीय शिसवीचा स्वीकार केला आणि इतरही त्याच मार्गाने गेले. पुढे 1992 साली ब्राझीलच्या शिसवीचा समावेश वन्य प्रजातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात झाला. 2 जानेवारी 2017 पासून शिसवीच्या कुळातल्या बाकीच्या सगळ्याच जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या. मग देशोदेशीच्या वादकांना आपले वाद्य घेऊन सरहद्द ओलांडताना दस्तऐवजांची जुळवाजुळव करावी लागली, आणि अखेर 2019 साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कच्चे लाकूड मात्र परवान्याविना सीमेपार नेता येत नाही. म्हणून रास अल खोरच्या हौशी कारागिराने शिसव घ्यावे ते दाखल्यासह घ्यावे, आणि गावाकडचा मोडका पलंग उसवून त्याच्या फळ्या सामानात दडवून आणण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या झाडाला वाढण्यास पिढ्या लागतात. त्याच्याविषयी इतका आदर आपण बाळगलाच पाहिजे.

गिटारची आजची रचना दोन पुरुषांच्या नावाशी निगडित आहे. स्पेनमधील आल्मेरियाचा आंतोनियो दे तोर्रेस (1817–1892) याने पडद्याखाली पंख्यासारख्या पसरलेल्या सात पट्ट्या बसवण्याची पद्धत परिपूर्ण केली, तारेच्या मोकळ्या भागाची लांबी 650 मिलिमीटर रूढ केली, आणि स्वराचे मूळ दर्शनी पडद्यात आहे हा आपला सिद्धान्त सिद्ध करण्याकरिता 1862 साली मागची बाजू व कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या असलेली गिटार बनवली. दुसरा, जर्मनीतील मार्कनॉयकिर्शनचा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन, व्हिएन्नात स्टाउफर यांच्या हाताखाली तयार झाला आणि 1833 साली अमेरिकेस गेला. फुलीच्या आकारात एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जी रचना त्याच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात रुजली, ती तातीच्या तारांसाठी होती; परंतु पुढे पोलादी तारांचा जमाना आला तेव्हा तो भार पेलण्याची ताकद त्याच रचनेत निघाली.

हा भार सामान्य नाही. साध्या जाडीच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या वर जातो, आणि ज्या पडद्यावरील घोडी हा ताण अहोरात्र सोसते त्याची जाडी अवघी अडीच ते तीन मिलिमीटर असते. पडदा जाड ठेवला तर वाद्य शंभर वर्षे टिकेल आणि शंभर वर्षे मुके राहील. पातळ केला तर आवाज मोकळा होईल, पण घोडीपाशी फुगवटा येऊन काही काळाने तो खचेल. गिटार घडवणे म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी याच मर्यादेकडे बोट दाखवीन. वाद्य मोडण्याच्या किती जवळ नेऊन थांबायचे याचा निर्णय कारागिराला रंध्याच्या प्रत्येक फटक्यानिशी घ्यावा लागतो, आणि तो निर्णय कोणत्याही कोष्टकातून उचलता येत नाही, कारण एकाच खोडातून निघालेल्या दोन फळ्याही सारख्या ताठ नसतात.

तो कसा घेतला जातो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पुस्तकाची पाने उघडावीत तशा उघडून मधोमध सांधलेल्या दोन फळ्यांचा पडदा वरच्या कडेपासून थोड्या अंतरावर अंगठा आणि मधले बोट यांच्या चिमटीत हलकेच धरायचा, कानाशी न्यायचा आणि मध्यभागी बोटाच्या पेराने टकोरा द्यायचा. जाड फळीचा आवाज ठोकळ्यासारखा, लगेच विझणारा असतो. रंधा फिरत जातो, नंतर पोलादी पातीने खरवडणे सुरू होते, वलयांच्या आडव्या दिशेने वाकवून पाहताना हाताला लवचीकता जाणवू लागते, आणि एका क्षणी टकोऱ्याला घंटेसारखी आस येते. लाकूड बोलू लागते. मग आतल्या पट्ट्या सरसाने बसवायच्या आणि पटाशीने त्यांची टोके उतरवत पुन्हा टकोरे द्यायचे. ज्यांना कानाबरोबर डोळ्यांचीही साक्ष हवी असते ते पडद्यावर चहाची बारीक भुकटी पसरतात आणि खालून ध्वनिवर्धकाने एकेक स्वर सोडतात; ठराविक स्वरांना भुकटी थरथरत सरकते आणि जे भाग स्थिर आहेत त्यांच्या रेषांवर जमा होऊन आकृती काढते. 1787 साली जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी याने वाळूच्या साहाय्याने प्रसिद्धीस आणलेला हा प्रयोग घरच्या टेबलावरही होतो. वलयाकृती बंद झाली, डावी-उजवी बाजू सारखी आली, की पटाशी खाली ठेवावी. पूर्ण बांधलेल्या पेटीच्या आतल्या हवेचा स्वर साधारणतः शंभर हर्ट्झच्या आसपास आणि पडद्याचा मुख्य स्वर त्याच्या पावणेदोन-दोन पटीला असतो, हेही पुढे तपासता येते. पण मी कानावर अधिक विसंबून राहीन.

कडा वाकवण्याचे काम त्या मानाने अल्पकाळाचे, तरी काळजाचा ठोका चुकवणारे आहे. शिसवीची दोन मिलिमीटर जाडीची, हाताएवढ्या लांबीची पट्टी पाण्याने ओलसर करून तापलेल्या नळीवर दाबायची, तेव्हा वाफेबरोबर गोडसर, किंचित गुलाबी वास सुटतो. लाकूड हट्टाने विरोध करते आणि मग एकाएकी नरम पडते. कमरेच्या खोल वळणावर घाई केली तर तंतू उचकटतात.

आता हवेकडे येतो. या मुलखात तिच्याविषयी बोलल्याखेरीज गिटारविषयी बोलणे अपुरे राहील. जुलै-ऑगस्टच्या रात्री खाडीकाठी आर्द्रता इतकी वाढते की बंद काचेवर बाहेरून पाणी निथळते, वाळवंटाकडून वारा फिरला की तीच हवा काही तासांत कोरडी होते, आणि घरात वातानुकूलन यंत्र स्वतःचा तिसराच ऋतू चालवीत असते. लाकूड लांबीत फारसे हलत नाही, रुंदीत हलते. सुमारे 400 मिलिमीटर रुंदीचा स्प्रूसचा पडदा सापेक्ष आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांवरून साठीवर गेली तर मिलिमीटर-दीड मिलिमीटरने रुंदावू पाहतो. कडेने चिकटलेला असल्यामुळे त्याला बाहेर जाता येत नाही, म्हणून तो वर फुगतो आणि तारा उंचावतात. उलट, दमट दिवशी सांधलेली पेटी पुढे कोरड्या खोलीत गेली की पडदा आक्रसतो, आणि आक्रसायला जागा नसल्याने वलयांच्या रेषेत चिरतो. यास्तव जगभरचे कारागीर पेटी मिटण्याचे काम पंचेचाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेतच करतात, आणि पडद्याखालच्या पट्ट्यांना सुमारे आठ मीटर त्रिज्येची अगदी अल्प कमान देतात, जेणेकरून लाकूड आक्रसले तरी त्याला सपाट होण्यापुरती सवड राहावी. रास अल खोरच्या हौशी कारागिराला हा बंदोबस्त एका लहानशा खोलीत करावा लागतो: आर्द्रता शोषणारे यंत्र, भिंतीवर आर्द्रतामापक, आणि लाकूड आणल्यावर ते पातळ काठ्यांच्या आधाराने हवा खेळेल असे रचून महिनोन्‌महिने नुसते ठेवून देण्याचा संयम. व्यवसाय म्हणून हे करणाऱ्याला खोलीचे भाडे आणि गिऱ्हाईकाचा तगादा यांचा हिशेब ठेवावा लागतो. हौशी माणसाजवळ हत्यारे थोडी असतील, हातही अडखळेल, पण लाकडाला हवा तितका काळ देण्याची मुभा त्याला असते, आणि त्याने ती पुरेपूर वापरावी.

हे सारे वर्णन करताना मिरजेची आठवण होणे स्वाभाविक आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तंतुवाद्ये दुरुस्त करता करता घडवण्यास आरंभ केला, पटवर्धन संस्थानाचा आश्रय लाभला, आणि त्या एका हाताच्या कसबातून सतारमेकरांची अख्खी गल्ली उभी राहिली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर पंढरपूरच्या बाजूचा भोपळा आणि तुणीचे लाकूड वापरतो, आणि घोडीवर कानस फिरवून जवारी काढतो, तेव्हा तार घोडीला निसटता स्पर्श करीत राहून स्वराभोवती गुंजारवाचे वलय उभे राहते. गिटारच्या घोडीवरच्या हाडाच्या पट्टीला नेमके हेच होऊ द्यायचे नसते; तार तिच्यावरून स्पष्ट, एकाच बिंदूतून सुटली पाहिजे. दोन परंपरांनी एकाच इंचभर जागेत परस्परविरुद्ध सौंदर्यदृष्टी जोपासल्या आहेत. तंबोरा कानात भरलेला मराठी माणूस गिटार घडवायला बसतो, तेव्हा ती पट्टी घासताना त्याचा हात किंचित घुटमळावा, हे मला अगदी समजू शकते.

पडद्यांच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या तारांच्या, जागा मात्र गणिताच्या स्वाधीन आहेत. उरलेल्या लांबीला 17.817 ने भागत जायचे. 650 मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा 36.5 मिलिमीटरवर येतो, त्यापुढचा आणखी 34.4 वर, आणि बारावा बरोबर निम्म्यावर.

शेजारच्या मुलखातील परंपरेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अरबांचा औद हा या कुळातला ज्येष्ठ. अबुधाबीत 2008 साली इराकी वादक नसीर शम्मा यांच्या पुढाकाराने ‘बैत अल औद’ ही संस्था निघाली, आणि वादनाबरोबर औद घडवण्याचे शिक्षणही तेथे देण्यात येते. ज्याला गिटारची पेटी करायची आहे त्याने औदाची पाठ एकदा निरखून पाहावी. अरुंद, वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींना कडेने चिकटवून केलेला तो अर्धगोल पाहिल्यावर उष्णता आणि लाकूड यांच्याविषयी बरेच काही कळते.

शेवटचा हात लाखेचा. शेलॅक नावाने जगभर जाणारी चपडा लाख भारतातच मोठ्या प्रमाणावर होते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून, सुती कापडाच्या बोळ्याने, तेलाचा एखादा थेंब लावीत, वर्तुळाकार फिरवत इतक्या पातळ थरांत चढवायची की लाकडाच्या कंपनावर तिचे ओझे पडू नये. स्वरछिद्राभोवती शिंपल्याची नक्षी बसवायची असल्यास या किनाऱ्याहून समर्पक ठिकाण नाही. 1930 च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी बाजार बुडवला तोवर आखातातील मोती मुंबईच्या पेढ्यांवर विकले जात होते, आणि दोन्ही किनाऱ्यांची कित्येक घराणी त्यावर पोसली गेली.

मग तारा चढवायच्या. पहिल्या दिवशी सूर सारखा उतरतो, कारण तारा, मान आणि पडदा तिन्ही आपापली जागा शोधीत असतात. मानेत बसवलेली पोलादी सळई किल्लीने किंचित आवळून कमान सरळ करावी लागते, आणि बाराव्या पडद्यापाशी जाड तार साधारण अडीच मिलिमीटर व बारीक तार पावणेदोन-दोन मिलिमीटर उंच राहील अशा बेताने हाडाची पट्टी खालून घासावी लागते. हा तपशील पहिल्या ऋतुबदलानंतर पुन्हा तपासावा, उन्हाळ्यासाठी एक व हिवाळ्यासाठी एक अशा दोन पट्ट्या आधीच करून ठेवाव्यात, आणि वाद्य वाजवून झाल्यावर पेटीत, आर्द्रता राखणाऱ्या पुडीसह ठेवावे; गाडीत तर ते क्षणभरही विसरू नये, कारण उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत घोडीचा सरस सुटू लागतो.