व्यंजनांचा पत्ता

सर्दीने नाक चोंदलं की ‘मामा’ म्हणताना ‘बाबा’सारखं काहीतरी ऐकू येतं. कारण सोपं आहे. ‘ब’ आणि ‘म’ या दोन्हींसाठी ओठ मिटतात, स्वरतंतूही थरथरतात. फरक एवढाच, की ‘म’ला पडजीभ खाली येऊन हवेला नाकाची वाट मोकळी करते. ती वाटच बंद असली की ‘म’ उरत नाही.

फुप्फुसातून येणाऱ्या हवेला तोंडात अडथळा झाला की व्यंजन घडतं. त्याची ओळख तीन प्रश्नांवर ठरते. अडथळा कुठे? कंठापाशी ‘क’, ओठांवर ‘प’. कसा? ‘त’मध्ये हवा पूर्ण अडते, ‘स’मध्ये फटीतून घासत जाते, ‘ल’मध्ये जिभेच्या कडांवरून निसटते. स्वरतंतू कंप पावतात का? गळ्यावर बोटं ठेवून आधी ‘स्स्स’ आणि मग ‘म्म्म’ म्हणा, उत्तर बोटांनाच कळेल. आपल्याकडे चौथा प्रश्नही लागतो: श्वासाचा झोत किती? तोंडासमोर तळहात धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हणून पाहा.

आपली वर्णमाला याच तत्त्वावर रचलेली आहे. कवर्ग ते पवर्ग हा प्रवास घशाकडून ओठांकडे येतो. १८८६मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटनेच्या तक्त्यातही स्थान (अडथळा कुठे) आणि प्रयत्न (तो कसा) हेच मुख्य निकष आहेत.

मात्र लिपी सगळं सांगत नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांत अक्षर एकच, पण पहिल्यात जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्यात दातांकडे.