उसण, गॅप आणि कोवळं ऊन

वर्षानुवर्षं कंबर दुखणाऱ्या माणसाला औषधापेक्षा सल्ले जास्त मिळतात. हलू नकोस, वाकू नकोस, फळीवर झोप, पट्टा सोडू नकोस, सकाळी ग्वाल्हेरच्या फूलबागेत जाऊन कोवळ्या उन्हात पाठ शेक. सगळे सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण त्यातले काही दुखणं लांबवतात, म्हणून ते एकदा तपासून घेतले पाहिजेत.

सुरुवात उसणीपासून करू. वाकून बादली उचलली आणि कंबरेत उसण भरली, तर पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायची, हा मराठी घरांतला जुना तोडगा. लाथ बसलेले बरेच जण बरे होतात हे खरं आहे. लाथ न बसलेलेही होतात. अचानक भरलेली उसण बहुतेकांना काही दिवसांत ओसरू लागते आणि काही आठवड्यांत पुष्कळ कमी होते. श्रेय मात्र त्या दिवसांत जे केलं त्याला जातं, मग ती लाथ असो, मालिश असो की महागडं इंजेक्शन. आणि कंबरेत खरोखरच काही गंभीर असेल, तर लाथ महागात पडते.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं जुनाट मानतात. इथे सगळ्यात जास्त घाबरवणारं वाक्य एकच असतं, ‘मणक्यात गॅप आहे’. हे ऐकलं की धडधाकट माणूसही आपली पाठ काचेची असल्यासारखा वागू लागतो. दोन मणक्यांमध्ये जागा असतेच. तिथे चकती असते, आणि वयाबरोबर ती सुकते, चपटी होते, थोडी फुगते. ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा 3,110 लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या, तर ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या. म्हणजे एमआरआयच्या अहवालातले बरेच शब्द केसांच्या पांढरेपणाइतकेच साधे असतात. ‘चकती सरकली’ हेही तसंच. चकती जागेवरून घसरत नाही, तिचा आतला मऊ भाग बाहेर येतो, आणि अनेकांच्या बाबतीत शरीर तो हळूहळू शोषून घेतं.

याचा अर्थ दुखणं मनाचं आहे, असा मुळीच नाही. घरच्यांनी हे नीट समजून घ्यावं. अहवाल साफ असूनही कंबर असह्य दुखू शकते. दीर्घकाळ दुखलं की मज्जासंस्था जास्त संवेदनशील होते आणि लहानशा हालचालीलाही धोक्याचा इशारा देऊ लागते. झोप कमी पडली, काळजी वाढली, की तो इशारा आणखी मोठा होतो. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ असं म्हणून अशा माणसाला एकटं पाडणं क्रूर आहे.

मग विश्रांती? एखाद-दुसरा दिवस ठीक. त्यापुढे अंथरूण धरलं की स्नायू अशक्त होतात आणि हालचालीची भीती पक्की बसते. फळीवर किंवा जमिनीवर झोपण्याचा आग्रहही सोडावा. स्पेनमध्ये 313 जणांवर झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम मिळाला. कमरेचा पट्टा आणि वजनं लावून ओढण्याचा उपचार, हे दोन्ही जुनाट कंबरदुखीसाठी नेहमी वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं. व्यायाम आणि दुखण्याविषयीची नीट समज यांची मात्र शिफारस केली.

सगळ्यात स्वस्त व्यायाम फूलबागेतच आहे. 2024 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या 701 जणांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं चालणं हळूहळू वाढवायला लावलं. त्यांच्यात दुखणं पुन्हा उलटायला साधारण 208 दिवस लागले, इतरांमध्ये 112. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपासून बागेच्या वाटांनी, दहा मिनिटांनी का होईना, सुरुवात करता येते. चालताना थोडं दुखलं म्हणजे आत काही तुटलं असं नव्हे. दुसऱ्या दिवशी त्रास फारच वाढला तर अंतर कमी करावं, चालणं बंद करू नये.

आता कोवळं ऊन. उबेनं स्नायू सैलावतात, बरं वाटतं. पण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य खाली असताना हवेतच अडतात. आपली सावली आपल्याहून लांब असेल तर ते फार कमी पोचतात, असा ढोबळ ठोकताळा आहे. जानेवारीत सकाळी आठला ग्वाल्हेरमध्ये सावली उंचीच्या पाचपटीहून जास्त लांब पडते. डिसेंबरअखेरीस भर दुपारीही ती उंचीहून थोडी लांबच असते. तेव्हा थंडीत ऊन घ्यायचंच तर दुपारचं घ्यावं, बंद काचेआडचं नको. ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर हाडं मऊ होऊन दुखतात आणि तिथे औषधानं फरक पडतो. पण प्रत्येक जुनाट कंबरदुखीवर त्या गोळ्या चालतात, असं चाचण्यांत दिसलेलं नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर परदेशातल्या आपल्या काही मुलांना वेगळा मोह असतो, उन्हाशिवाय त्वचा सावळी करण्याचा. लोशनमधलं डायहायड्रॉक्सीअसिटोन त्वचेच्या वरच्या मृत थराला तपकिरी करतं आणि आठवडाभरात रंग उतरतो. त्यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, उन्हापासून पुरेसं संरक्षणही नाही. तरी अतिनील दिव्यांच्या पलंगापेक्षा ते पुष्कळ सुरक्षित. ते दिवे 2009 पासून कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहेत. पाठीला ऊब हवी म्हणून कोणी त्यावर झोपत असेल, तर गरम पाण्याची पिशवी पुरते.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, यापैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तरुण वयात पहाटे कंबर आखडून उठवत असेल आणि हालचालीनं मोकळी होत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं. कंबरदुखीबरोबर संध्याकाळी बारीक ताप, रात्रीचा घाम आणि घटणारं वजन असेल, तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत सुरू झाली तर तो बरा होतो.