बिझनेस स्कूल आणि उद्योगांचे नाते : प्रवेश घेण्यापूर्वी काय पाहावे?

कॅटचा निकाल लागला की आपल्या टी. टी. नगर परिसरातल्या मराठी घरांत दोन-तीन महिने एकच विषय असतो. मुलाला किंवा मुलीला आयआयएम मिळेल का, आणि नाही मिळाले तर खाजगी संस्थेत पंधरा-वीस लाख रुपये भरून दोन वर्षांचा कोर्स करावा का? आम्ही बँकेतून निवृत्त झालेलो असल्यामुळे सभासद मंडळी आम्हाला बहुधा कर्जाविषयी विचारतात. आमच्या मते कर्जाचा प्रश्न दुसरा आहे. त्या संस्थेचे उद्योगांशी नाते कसे आहे, हा पहिला. कर्ज फेडायचे ते पगारातून, आणि पगार देणार तो उद्योग.

एमबीए आणि पीजीडीएम

आधी एक घोळ दूर करू. एमबीए ही पदवी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ देते. स्वतंत्र खाजगी संस्थेला पदवी देता येत नाही. ती एआयसीटीईच्या मान्यतेने पीजीडीएम, म्हणजे पदव्युत्तर पदविका देते. पुण्याची एसआयबीएम १९७८ साली सुरू झाली. आता ती सिंबायोसिस अभिमत विद्यापीठाचा भाग असल्याने तिथे एमबीए मिळते. मुंबईत माटुंग्याच्या वेलिंगकर संस्थेचा पीजीडीएम प्रसिद्ध आहे. पुण्याचे एस. पी. कॉलेज चालवणाऱ्या शिक्षण प्रसारक मंडळीचीच ही संस्था, १९७७ साली स्थापन झालेली. गोव्याची जीआयएम १९९३ ची. रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत ती सुरू झाली आणि पुढे साखळीला गेली.

‘पदविका’ हा शब्द ऐकून काही पालक बिचकतात. तसे कारण नाही. २०१७ चा कायदा होईपर्यंत आयआयएमसुद्धा पदविकाच देत असत. पीजीडीएमचा एक फायदाही आहे. अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठाच्या मंडळाची वाट पाहावी लागत नाही. बाजारात नवीन काम आले की संस्था पुढच्या वर्षी तो विषय शिकवू शकते. पण बाजारात काय चालले आहे हे संस्थेला कळले तर! इथेच उद्योगांशी असलेल्या नात्याचा प्रश्न येतो. ते नाते नसेल तर ही मोकळीक नुसती कागदावर राहते.

एक चांगले उदाहरण

मुंबईत अंधेरीला भारतीय विद्या भवनची एस. पी. जैन इन्स्टिट्यूट, म्हणजे एसपीजेआयएमआर आहे. १९८१ साली तिचे उद्घाटन ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते झाले. तिथल्या दोन वर्षांच्या पीजीडीएमची रचना समजून घेण्यासारखी आहे.

बहुतेक बिझनेस स्कूलांत पहिले वर्ष संपले की उन्हाळ्यात दोन महिने कंपनीत इंटर्नशिप असते. तोवर मुले सगळ्या विषयांची तोंडओळख तेवढी करून घेतात, आणि फायनान्स की मार्केटिंग ही निवड नंतर होते. एसपीजेआयएमआरमध्ये विशेष विषय प्रवेशाच्या वेळीच ठरतो. पहिल्या वर्षानंतर मुलांना काही आठवडे स्वयंसेवी संस्थांबरोबर, बरेचदा खेड्यापाड्यांत, काम करावे लागते. विशेष विषयाचे बरेचसे शिक्षण झाले की मग शरद ऋतूत कंपनीतली इंटर्नशिप येते. म्हणजे कंपनीला अर्धवट तयार मुलगा मिळत नाही, आणि मुलालाही खरे काम मिळते. दोन महिन्यांत दोघांनाही एकमेकांची पारख होते. काम आवडले तर कंपनी तिथेच नोकरी देऊ करते. त्याला पीपीओ म्हणतात.

आमच्या बँकेतही प्रोबेशनरी ऑफिसरला थेट खुर्ची मिळत नसे. काउंटर, क्लिअरिंग, कर्ज विभाग, ग्रामीण शाखा असे सगळीकडे फिरवून मगच नेमणूक होई. गावातली शाखा पाहिलेला अधिकारी पुढे शेतकऱ्याचा अर्ज वेगळ्या नजरेने वाचे. स्वयंसेवी संस्थेतल्या त्या आठवड्यांचा उपयोग आम्हाला असाच वाटतो.

नाते खरे कशावरून?

माहितीपुस्तिकेत कंपन्यांची बोधचिन्हे सगळेच छापतात. सामंजस्य करारावर सह्या करतानाचे फोटोही असतात. पण कराराने काम होतेच असे नाही. खरे नाते पुढील गोष्टींत दिसते.

१. शिकवायला कोण येते? वर्षातून एकदा भाषण देऊन जाणारा पाहुणा वेगळा, आणि पूर्ण विषय शिकवून उत्तरपत्रिका तपासणारा कंपनीतला अधिकारी वेगळा.

२. कंपन्या आपले नोकरीतले अधिकारी त्या संस्थेत प्रशिक्षणाला पाठवतात का? पैसे मोजून स्वतःची माणसे पाठवणारी कंपनी त्या शिक्षकांना मानते, असे समजायला हरकत नाही.

३. मुलांना वर्षभर कंपन्यांचे प्रत्यक्ष प्रकल्प मिळतात का? भोपाळमधल्या संस्थेची चौकशी करत असाल तर गोविंदपुरा आणि मंडीदीपच्या कारखान्यांत मुले जातात का, कोणते काम करतात, हे विचारा.

४. त्याच कंपन्या दरवर्षी परत येतात का? एकदा आलेली कंपनी पुन्हा आली नाही, तर ते का हे जरूर विचारावे.

५. पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत? पहिली नोकरी संस्था मिळवून देते. दुसरी स्वतःच्या हिमतीवर मिळते.

नाते एकाच क्षेत्राशी असले तरी चालते. आपल्या नेहरू नगरची आयआयएफएम १९८२ ची. ती सरकारी आहे, पण वन आणि पर्यावरण क्षेत्राशी तिचे नाते पक्के आहे.

आकडे कसे वाचावेत?

समजा दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला सहा लाख मिळाले आणि एकाला चाळीस लाख. सरासरी ९.४ लाख होते. पण तेवढा पगार दहांपैकी कोणालाच मिळालेला नाही! म्हणून सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे रांगेत मधोमध येणारा आकडा विचारावा. इथे तो सहा लाख आहे.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ वाचले की एकूण किती मुले पास झाली, त्यांपैकी किती जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवले आणि किती जणांना नोकरी लागली, हे तिन्ही आकडे मागा. बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासलेला अहवाल असेल तर उत्तम. सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मिळेल न मिळेल असा बोनसही धरलेला असतो.

आता कर्जाकडे

पंधरा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १९,८०० रुपये येतो. शिक्षणाच्या काळात हप्ता नसतो, पण व्याज चढतच असते. ते त्या काळात भरले नाही तर हप्ता आणखी वाढतो. सहा लाख सीटीसी, म्हणजे महिना पन्नास हजार धरले तरी जवळजवळ चाळीस टक्के रक्कम हप्त्यातच जाते. मुंबई-बंगळुरूचे घरभाडे वेगळे.

बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे सहसा घर किंवा ठेव तारण ठेवावी लागते. मात्र निवडक संस्थांची यादी करून काही बँका त्याहून मोठी रक्कमही विनातारण देतात. ही यादी पालकांनी अवश्य पाहावी. आपले पैसे परत येतील की नाही याचा विचार करूनच बँक ती बनवते. जुन्या करप्रणालीत कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे करसवलत मिळते, तिचाही हिशेब धरावा.

निवृत्तीनंतर राहते घर गहाण टाकायची वेळ येत असेल, तर प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी वरच्या पाच प्रश्नांची उत्तरे संस्थेकडून लेखी मागवा. चांगली संस्था आनंदाने देते. उत्तर टाळले गेले तर एक वर्ष नोकरी करून पुन्हा परीक्षा देणे हा पर्याय मुलांपुढे ठेवावा. कामाचा अनुभव पुढच्या मुलाखतीतही उपयोगी पडतो, आणि घरही आपल्या नावावर राहते.