खुर्ची आपोआप मिळत नाही

मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो ते पाली. इथल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या चाकरमानी. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२० हून अधिक स्त्रिया होत्या.

गैरसमज : पुरुष गावाबाहेर असले की कारभार बायकांच्याच हाती येतो.

वस्तुस्थिती : घराचा येतो, शेताचा येतो, पंचायतीचा येत नाही. कोकणात अनेक दशके बायका संख्येने जास्त, पण पंचायतीत त्या मोठ्या संख्येने आल्या त्या कायद्यामुळे. १९९३मध्ये लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. रवांडाविषयीही हेच बोलले जाते, की १९९४च्या वंशसंहारात पुरुष मारले गेले म्हणून संसदेत बायका आल्या. तिथेही २००३च्या राज्यघटनेने निर्णयाच्या पदांवर किमान ३० टक्के स्त्रियांची अट घातली, तेव्हा २००८मध्ये ८०पैकी ४५ जागांवर स्त्रिया बसल्या. अर्थात तिथे विरोधकांना फारशी जागा नाही, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भुलू नये.

गैरसमज : बाई सरपंच म्हणजे नवऱ्याचा कारभार.

वस्तुस्थिती : असे घडते, आणि ते संतापजनक आहे. पण कायद्यात ‘सरपंचपती’ नावाचे पदच नाही. सभेचे अध्यक्षपद सरपंचाचे, सहीही तिचीच. शिवाय बाई खुर्चीवर बसल्याने कामे बदलतात, हे तपासून पाहिलेले आहे. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांच्या २००४च्या अभ्यासात पश्चिम बंगाल आणि राजस्थानात महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त लक्ष दिल्याचे दिसले. धो धो पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन चालणाऱ्या कोकणातल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

गैरसमज : बाईने राखीव जागेवरूनच उभे राहायचे.

वस्तुस्थिती : खुल्या जागेवरूनही उभे राहता येते.

गैरसमज : महिला ग्रामसभा ही हळदीकुंकवासारखी हौस आहे.

वस्तुस्थिती : महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी ती घ्यावीच लागते. अनेक गावांत ती कागदावरच उरकते, आणि पाणी, दिवाबत्ती, अंगणवाडी हे विषय मुख्य सभेत शेवटी ढकलले जातात. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की वाडीतल्या बायकांनी एकत्र जाऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) विचारावे : आमची सभा कोणत्या तारखेला?