लोकरीचे सूत : विकावे तसे शिकवावे

घाटघर म्हटले की पुष्कळांना अकोले तालुक्यातील जलविद्युत प्रकल्पाचे गाव आठवते. प्रस्तुत लेखातील घाटघर ते नव्हे. हे घाटघर जुन्नर शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर, नाणेघाटाच्या माथ्याशी, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याला वसलेले आहे. सातवाहनांच्या काळी जुन्नर आणि कल्याण-सोपारा यांच्यामधील व्यापारी माल याच घाटाने चढत-उतरत असे. राणी नागनिकेचा शिलालेख असलेले लेणे आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण त्याची आजही साक्ष देतात.

येथील पाऊस मुसळधार आणि हिवाळ्यातील पहाट बोचरी. भात, नाचणी, वरई ही मुख्य पिके. लावणीच्या दिवसांत डोक्यावर इरले किंवा घोंगडीची खोळ घेऊन माणसे चिखलात उभी राहत. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश इतकी वाफ शोषून घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. आज त्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे. कागद पाणी अडवतो, पण ऊब देत नाही.

याच जुन्नरच्या पूर्व भागात, तसेच शेजारच्या शिरूर व पारनेर तालुक्यांत मेंढ्यांचे कळप फिरताना दिसतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवितात, खताचा मोबदला देतात. परंतु त्याच मेंढ्यांच्या अंगावरील लोकर कातरली गेली की तिला गिऱ्हाईक मिळत नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून कित्येक मेंढपाळ ती बांधावर टाकून देतात. एका बाजूला थंडीत कुडकुडणारे गाव, दुसऱ्या बाजूला वाया जाणारी ऊब. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे सूत. ते सूत विकणारे, आणि त्याबरोबर शिकविणारे, गावपातळीवरील दुकान कसे असावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

साखळी कोठे तुटली?

दख्खनी मेंढीची लोकर बहुधा काळी आणि भरड असते. तिचा तंतू मेरिनो लोकरीच्या जवळजवळ दुप्पट जाड असतो. एका मेंढीपासून वर्षाकाठी एक किलोही लोकर मिळत नाही. पूर्वी धनगर बंधू वर्षातून दोनदा लोकर कातरीत, घरातील स्त्रिया ती पिंजून चातीवर सूत काढीत, आणि सणगर त्या सुताला चिंचोक्याची खळ लावून मागावर घोंगडी विणीत. सूत घरातच तयार होत असल्यामुळे सुताच्या दुकानाची गरज कोणास भासली नाही.

पुढे पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली, कृत्रिम धाग्याची पांघरुणे आली, परदेशी मऊ लोकर आली. मेंढीचे उत्पन्न मटणावर मोजले जाऊ लागले आणि लोकर दुय्यम ठरली. घोंगडीची मागणी घटताच सर्वांत आधी चाती थांबली. माग पुन्हा उभारता येतो, कातर पुन्हा विकत आणता येते. परंतु हाताच्या बोटांत मुरलेली सूत काढण्याची कला एकदा गेली की ती पुस्तकातून परत मिळत नाही. ही कला जाणणाऱ्या स्त्रिया आज बहुतेक वृद्ध आहेत. खरी निकड येथे आहे.

नाव लोकरीचे, सूत कशाचे?

मी कृषी महाविद्यालयात दाखल झालो त्या वर्षी आईने मला एक स्वेटर विणून दिला होता. तालुक्याच्या बाजारातून तिने गुंड्या आणल्या. दुकानदाराने “लोकर” म्हणून दिल्या, आईने लोकर म्हणून घेतल्या. पहिल्याच हिवाळ्यात वसतिगृहाच्या आवारात शेकोटीची ठिणगी बाहीवर पडली. भोक पडले आणि त्याच्या कडा वितळून मण्यासारख्या कडक झाल्या. लोकर वितळत नाही, हे तोपर्यंत मला वर्गात शिकविले गेले होते. आईचे महिनाभराचे श्रम ॲक्रिलिकवर खर्च झाले होते. तिला राग आला तो पैशांचा नव्हता. “मला सांगितले असते तर तेच घेतले असते, पण चुलीजवळ जाऊ नकोस असे तुला बजावले असते,” एवढेच ती म्हणाली.

आपल्याकडे विणकामाच्या प्रत्येक धाग्याला सरसकट “लोकर” म्हणण्याची सवय पडली आहे. म्हणून पुढील परीक्षा प्रत्येक भगिनीस ठाऊक असावी. सुताचा बोटभर तुकडा चिमट्यात धरावा, खाली पाण्याचे ताट ठेवावे आणि तुकड्यास ज्योत लावावी. खरी लोकर हळूहळू जळते, ज्योत दूर करताच बहुधा विझते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक भडकून जळते, वितळते आणि थंड झाल्यावर कठीण काळा मणी उरतो. तो गरम असताना त्यास हात लावू नये. मिश्र सुतात दोन्ही लक्षणे दिसतात. ॲक्रिलिक हा टाकाऊ धागा नव्हे. तो स्वस्त आहे, धुण्यास सोपा आहे. मात्र तो लोकर म्हणून विकला जाऊ नये.

दुकान म्हणजे शाळा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरही लहान शेतकरी मेंढ्या पाळतात. तेथे लर्विक गावातील जेमिसन अँड स्मिथ ही पेढी बेटावरील शेतकऱ्यांची लोकर विकत घेते, प्रतवारी करते आणि तिचेच सूत विकते. तेथे २०१० पासून दरवर्षी लोकर सप्ताह भरतो. त्या सप्ताहात विणकामाचे वर्ग होतात, शेतकऱ्यांच्या भेटी होतात आणि दूरदूरचे लोक शिकावयास येतात. शिकलेला माणूस सूत घेतो आणि सूत घेतलेला माणूस पुन्हा शिकावयास येतो. आपल्या देशात कुलू खोऱ्यातील भुट्टी येथील विणकरांनी १९४४ मध्ये सहकारी संस्था स्थापली. तिची शाल आज देशभर ओळखली जाते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सुताचे लहान दुकान केवळ मालाच्या ढिगावर चालत नाही. भरड काळे सूत फळीवर नुसते मांडून ठेविल्यास गिऱ्हाईक त्यास हात लावून परत जाईल. त्या सुताचे काय करावे हे दाखविणारे कोणी तेथे बसलेले असेल, तरच ते विकले जाईल. घाटघरसारख्या गावी बचत गटाच्या एका खोलीतही असे दुकान सुरू करता येईल. जुन्नर हा २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला आहे आणि पावसाळ्यात नाणेघाट पाहण्यासाठी लोकांची रीघ लागते. गिऱ्हाईक दारावरून जात आहे. त्यास थांबविण्याजोगे काही हवे.

दारावर एक फळा असावा. या आठवड्यात कोणते सूत आले, ते कोणत्या भागातील कळपाचे, कोणी कातले, पुढील वर्ग कोणत्या दिवशी, एवढे त्यावर लिहावे. प्रत्येक गुंडीला चिठ्ठी असावी व तीवर वजन, लांबी, धाग्याचे घटक आणि धुण्याची रीत नमूद करावी.

कातरणीपासून काळजी

चांगले सूत दुकानात नव्हे, मेंढीच्या पाठीवर सुरू होते. मेंढपाळ बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. कातरणीपूर्वी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवून पूर्ण वाळू द्याव्यात. ओली लोकर कातरू नये. ती साठवणीत कुजते.

२. कातरणी स्वच्छ ताडपत्रीवर करावी. माती, कुसळे व काटे मिसळल्यास पिंजणाऱ्याचे श्रम दुप्पट होतात.

३. एकाच जागी दोनदा कातर चालवू नये. तुटक्या आखूड तंतूंचे सूत टिकत नाही.

४. काळी, पांढरी व करडी लोकर वेगळी ठेवावी. पोटाची व पायांची मळकी लोकर निराळी काढावी. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ असते. ती कधीही इतर लोकरीत मिसळू नये.

५. लोकर सुती पिशव्यांत भरावी. प्लॅस्टिकच्या पोत्यांचे धागे लोकरीत शिरले की ते निघत नाहीत.

निरुपयोगी ठरलेली मळकी लोकरही फेकू नये. लोकरीच्या तंतूत नत्राचे प्रमाण मोठे असते आणि ते सावकाश सुटते. फळझाडांच्या आळ्यात ती पसरून वर माती टाकल्यास ओल टिकते व पुढे खतही होते.

चार वर्ग, चार हंगाम

शेतीच्या कामात अडथळा न आणता वर्षभरात चार वर्ग घेता येतील.

पहिला वर्ग लोकर निवडण्याचा व धुण्याचा. भातकापणी उरकल्यावर, कळप मोकळ्या रानात उतरू लागले की तो घ्यावा. धुण्यास कोमट पाणी व रिठ्याचा फेस वापरावा. लोकर चोळू नये व उकळत्या पाण्यात टाकू नये. तंतूवरील खवले एकमेकांत अडकून तिचा गोळा होतो. खळबळण्याचे पाणीही तितकेच कोमट असावे.

दुसरा वर्ग पिंजण्याचा व सूत काढण्याचा. तो हिवाळ्यात घ्यावा. शिक्षिका म्हणून एखाद्या वृद्ध धनगर भगिनीस मानाने बोलवावे आणि इतर कोणत्याही प्रशिक्षकाप्रमाणे तिला मानधन द्यावे. मात्र एक भेद समजून घ्यावा. घोंगडीचे सूत एकपदरी व घट्ट पिळाचे असते. तेच सूत सुयांवर विणल्यास कापड एका बाजूस तिरके होते. विणकामासाठी पीळ थोडा सैल ठेवावा, दोन पदर घ्यावेत आणि ते मूळ पिळाच्या उलट दिशेने एकत्र पिळावेत. म्हणजे सूत समतोल बसते.

तिसरा वर्ग रंगाचा. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम भागात महादेव कोळी कुटुंबे हिरडा वेचतात. हिरडा बाजारात विकला जातो, पण रंगकामातील त्याचा उपयोग गावात फारसा केला जात नाही. पांढऱ्या सुतास हिरड्याच्या काढ्यात पिवळसर-खाकी छटा येते. लोखंडाचा अंश मिसळला की तीच करडी-काळी होते. लोखंड अतिशय कमी वापरावे, नाही तर लोकर राठ होऊन तुटते. वेचणीचा हंगाम संपला की हा वर्ग घ्यावा.

चौथा वर्ग विणण्याचा. पावसाच्या तोंडावर तो पुरा व्हावा, म्हणजे पर्यटक येण्याच्या वेळी माल तयार असेल. सुलट व उलट हे दोन टाके आले की बहुतेक वस्तू विणता येतात. प्रथम १० सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून त्यात किती टाके व किती ओळी बसतात ते मोजावे. त्यावरून वस्तूचे माप काढावे. भरड सुताचे अंगालगतचे कपडे करू नयेत, ते टोचतात. आसने, पिशव्या, घरात घालावयाच्या सपाता, आतून सुती अस्तर लावलेल्या टोप्या यांस हे सूत उत्तम. जावळाचे सूत मुलांच्या टोप्यांसाठी राखून ठेवावे.

हिशेब

दुकान बुडते ते बहुधा श्रमाची किंमत न धरल्यामुळे. एक किलो कच्ची लोकर धुवून व निवडून किती उरली, तिचे सूत किती भरले, त्यास किती तास लागले, हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहावे. हातसुतात लोकरीपेक्षा वेळच अधिक मोलाचा असतो. मेंढपाळास लोकरीचा असा दर द्यावा की कातरणीची मजुरी निघून काही शिल्लक राहील. अन्यथा पुढच्या वर्षी लोकर पुन्हा बांधावर पडेल. गिरणीच्या धाग्याशी किमतीत स्पर्धा करू नये, ती हरण्याची स्पर्धा आहे. आपले बळ खरेपणात आणि शिकविण्यात आहे. दुकानात ॲक्रिलिकही अवश्य ठेवावे, परंतु निराळ्या फळीवर आणि निराळ्या नावाने.

मेंढीपालनाविषयीच्या मार्गदर्शनासाठी पुणे येथील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाशी संपर्क साधावा. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. अशा घोषणांचा गावाला उपयोग व्हावयाचा, तर एखादे लहान काम गावातच उभे राहिले पाहिजे.

पश्चिम जुन्नरात कुकडी हे नदीचे नाव प्रत्येकाच्या तोंडी आहे. चातीवरून उतरलेल्या सुतालाही मराठीत कुकडीच म्हणतात, हे नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या हिवाळ्यात एकच काम करावे. आपल्या भागात चाती चालविता येणारी एखादी आजी आहे काय, याची चौकशी करावी, आणि असल्यास तिच्या शेजारी दोन तरुण मुलींना बसवावे. दुकान त्यानंतर उघडले तरी चालेल.